खड्डे

या दरीत खड्डे खणणं हा पिढीजात धंदा.
आजा खणायचा, मग बाप,
संध्याकाळी वर यायचे तेव्हा
डोळ्यांतलं पांढरं तेवढं ओळखू यायचं.
पुढे खाण बुडाली. खरोखरच बुडाली,
नदीचं पाणी शिरलं आत.
त्याच टेकडीच्या पायथ्याशी
डिस्कचा कारखाना आला, बिनखिडक्यांचा.
मुलाखतीत ग्रेडी म्हणाला,
'वर्ना, इथे धुळीचा कणही चालत नाही.'
मी हसले.
त्याला वाटलं, नोकरी मिळाली म्हणून.

इथेही खड्डेच.
काचेच्या तबकडीवर उजेड खणतो,
केसाच्या जाडीत चाळीस-पन्नास ओळी.
खड्डा, सपाटी, खड्डा,
मध्यातून निघून गोल गोल बाहेर जाणारी वाट,
उलगडली तर पाच किलोमीटर,
म्हणजे माझ्या दारापासून
कब्रस्तानाला वळसा घालून कारखान्याच्या फाटकापर्यंत.

काचेवर निकेल चढवतात.
सोलून निघतो, त्याला म्हणतात बाप.
बापावरून निघते आई
(पाद्रीबुवांना सांगितलं तर खूश झाले).
आईवरून साचे, हवे तितके.
साचे झिजतात, फेकले जातात.
आई कपाटात,
तिला बोट लावायचं नाही.

तांदळाएवढे प्लास्टिकचे दाणे
चार तास भट्टीत सुकवायचे,
ओल राहिली तर डिस्कवर चंदेरी फराटे उठतात.
मग वितळवून, साच्यात दाबून, गार करून
चार सेकंदांत एक.
चार सेकंदांत मला शिंकसुद्धा आवरत नाही.
ती बाहेर येते तेव्हा काचेसारखी आरपार,
सगळं लिहिलेलं, पण आंधळी.
पोकळीत तिच्यावर अॅल्युमिनियमचा श्वास बसतो
आणि माझा टोपी-मास्क घातलेला चेहरा
तिच्यात पहिल्यांदा दिसतो.
वर लाखेचा हात, जांभळा दिवा, छपाई.

पॅकिंगला डोरीन शिमको.
पुस्तिका चार कानांखाली सरकव,
डिस्क मधल्या दातांवर दाब,
झाकण. कट्ट.
मग गरम बोगद्यातून वेष्टन आवळत जातं.
ती ओढायची पट्टी कधी नीट निघत नाही,
लोक आम्हाला शिव्या घालतात,
डोरीनही घालते.
तीस-तीसचे खोके, खोक्यांची फळी, फळीचा ट्रक.

माझं काम ऐकण्याचं.
प्रत्येक खेपेतली एक, कानाला यंत्र लावून,
खटका, खरखर, दोन गाण्यांमधली शांतता.
शांतता ऐकायलाच जास्त वेळ जातो.

उपासाच्या दिवसांत एक बारकी ऑर्डर आली,
आमच्याच टेकडीवरच्या चर्चची, जुन्या टेपवरून, प्रती पाचशे.
तिसरं भजन संपलं,
घुमटात शेवटचा सूर विरतोय
आणि कोणीतरी खोकलं.
दोनदा. तिसरा गिळला.

कोळशाचा खोकला या दरीत घरटी एक होता.
पण दुसऱ्यानंतर असा ओशाळून थांबणारा,
जसा काही ताटातून उठताना माफी मागतोय,
तो मी नऊ वर्षं भिंतीपलीकडून ऐकलाय.
मेथोडी हुडाक, बासवाल्यांच्या मागचा बाक.

नियम असा:
गैर आवाज सापडला, तर मशीन थांबवा,
ग्राहकाला फोन करा.
ऐकायचं एकदाच.
मी तीनदा ऐकलं.
तोवर एकशे चाळीस पुढे सरकल्या होत्या,
प्रत्येकीत तोच, त्याच सेकंदाला,
त्याच मापाचे बारके खड्डे.

फॉर्मवर दोन चौकोन असतात.
'दोष नाही' वर खूण केली,
सही केली, वेळ लिहिली: तीन वाजून दहा.

पलीकडे डोरीनची कट्ट, कट्ट चालू.
सकाळी तिच्याकडून एक विकत घेतली,
कामगारांना अर्ध्या किमतीत देतात.
अजून उघडलेली नाही.
परवा पट्टी ओढून पाहिली,
अर्ध्यातच तुटली.