बुधवारची बैठक

कुताइसीतली शाळा, दुसरा मजला.
बुधवारी शेवटच्या तासानंतर आम्ही तिघं बसतो :
मकवाला भौतिकशास्त्राची, झुराब भूगोलाचा, मी गणिताची.
मध्ये एकच हीटर. तो ज्याच्या पायाशी
त्याचं म्हणणं त्या दिवशी जरा लांबतं.

पूर्वी परवलय शिकवताना
मी खिडकीतून अक्रोड फेकायचे.
बाकं सरकायची, वर्ग धावायचा,
आणि कुणीतरी हमखास विचारायचं,
"बाई, तो वर क्षणभर थांबतो का?"

आता पाठाचा आराखडा सामायिक.
अक्रोडाला सात मिनिटं लागतात, असं निघालं.
दोन विरुद्ध एक.
मग मीही हात वर केला,
उगाच आपला सूर वेगळा कशाला.

पण याच टेबलावर, ऑक्टोबरात,
मी म्हटलं, ती एलिसो उत्तरच देत नाही.
झुराब म्हणाला, माझ्याकडेही तेच.
मकवाला चकित : माझ्याकडे तर ती बोलते.
प्रयोगशाळेत पहिल्या बाकावर असते.
तीन वह्या शेजारी ठेवल्या.
फळ्यावरून उतरवलेलं चुकलेलं,
ऐकून लिहिलेलं बरोबर.
दोन वर्षं आम्ही दोघं तिला हट्टी समजत होतो,
आपापल्या वर्गात, दार लावून.

आता तिला चष्मा आहे. निळ्या काड्यांचा.

मग या बैठकीला नावं ठेवू कोणत्या तोंडाने?
मकवाला इतिवृत्त लिहिते,
'सर्वानुमते' हा शब्द फार सुबक काढते.

कोटाच्या खिशात एक अक्रोड आहे.
उद्या पहिला तास एलिसोच्या वर्गावर.
तो वर थांबतो का, हे आता तिलाही दिसेल.
झुराबला आधी सांगावं की नाही,
ते ठरत नाही.