मारवा, दोनदा

नवी तबकडी दस्तगीरने आधी तळहातावर तोलली.
एकशे ऐंशी ग्रॅम, मी म्हणालो, कव्हरवर छापलंय.
त्याने कडेला टिचकी मारली,
भोपळा निवडताना मारतो तशी,
आणि काहीच बोलला नाही.

मिरजेत शनिवारी पाचपर्यंत वीज नसते,
म्हणून सव्वापाचला बसलो.
आधी जुनी. चौसष्ट सालची,
कव्हरवर कुणा वकिलाचा शिक्का, चहाच्या कपाचं वर्तुळ.
सुई टेकली आणि शेंगा फोडल्यासारखी चरचर.
त्यातून बाई कोमल रिषभाकडे निघाल्या,
दिवे गेल्यावर भिंत चाचपत
जिन्याकडे जावं तशा.

मग नवी.
स्वच्छ. इतकी, की मिशन हॉस्पिटलची
फिनेलने पुसलेली फरशी आठवली.
आवाज हातभर पुढे आला,
तबल्याची शाई वेगळी, चाट वेगळी,
तंबोरा मात्र—
"जवारी घासली रे कुणीतरी," दस्तगीर म्हणाला.
"बापानं तीन दिवस बसून काढलेली.
यांनी खरखर समजून पुसली."
खिशातून त्याने जवारीचा दोरा काढला
आणि सुईपाशी धरून बघत राहिला.

जुनीच्या बाजूने बोलायला मी तोंड उघडलं,
तेवढ्यात त्याचा हात वर.
अंतऱ्याआधी बाई दम घेतात तिथे
मागे कुणीतरी मणी सरकवला.
टिक्.
खर्जाची तार केसभर चढून स्थिरावली.
जुनीवर नेमकी तिथेच एक शेंग फुटते.
चाळीस वर्षं मी ती शेंग ऐकत आलो.

पुन्हा लावली. पुन्हा.
तो मणी. काचेची बांगडी भोपळ्याला लागल्याचा
निसटता आवाज.
आणि निषादावर, बाईंच्या मागून,
दुसरा एक गळा, कोवळा,
अर्ध्या श्वासात आवरून घेतलेला.

दोन्ही कव्हरं उलटून पाहिली.
तबला आहे, पेटी आहे,
नवीवर तर छापखान्याचंही नाव.
तिचं नाही.

"टांग्यात तंबोरा मांडीवर आडवा घेऊन बसलेली
एक पोरगी आठवते," दस्तगीर म्हणाला.
"आमच्या दुकानासमोर. मी दहाचा असंन.
तीच असंल असं नाही."

सातला व्होल्टेज उतरलं.
तबकडी जड झाली,
बाई, ती, बांगडी, सगळा मारवा
पाव स्वर खाली बसला.
"आता ह्याला," दोरा खिशात ठेवत तो म्हणाला,
"कुठला मणी सरकवायचा?"