सालटे

सावद्याहून पहाटेच्या एसटीने दोन गोण्या येतात,
वेफर्सवाल्या युवराज नेहेतेंनी सुतळीने बांधलेल्या.
कंडक्टर तिकीट फाडत म्हणतो,
"कचऱ्याचं बी लगेज लागतं, ताई."

रिक्षा गिरणेचा पूल ओलांडेस्तोवर
साली काळ्या पडायला लागतात.
तेवढाच वेळ माझ्या हातात.
हुसेन तडवी प्रयोगशाळेचं कुलूप काढून उभेच असतात.
"आले का सालटे?"
घमेल्यात पाणी तयार.

उकळायचं, वाटायचं, गाळायचं.
ग्लिसरीन किती, व्हिनेगर किती, ते वहीत आहे.
वहीत नाही तो वास,
बंद खोलीत पिकत घातलेल्या घडांचा,
माझ्या ओढणीला,
डब्यातल्या कळण्याच्या भाकरीलाही.

पहिले अकरा नमुने पापडासारखे मोडले.
पुढचे काही ताटाला असे चिकटले
की ताटंच फेकावी लागली.
एकतीस बरा होता. विभागामागे मातीत पुरला,
शेळीने उकरून खाल्ला.
भंगाळे सर चष्मा पुसत म्हणाले,
"शेळी ही प्रमाणित चाचणी नाही."
मग दारातून वळून :
"मेली तर नाही ना?"

अण्णा एमआयडीसीत बावीस वर्षं
प्लास्टिकच्या चटईच्या मागावर होते.
निळे मोर, पिवळी नारळाची झाडं,
एका टोकाला सुस्वागतम.
त्यांच्या लेखी चांगला माल म्हणजे
दोघांनी दोन टोकं धरून ओढावा
आणि फाटू नये.

नमुना सत्तेचाळीस मी त्यांच्या हातात दिला.
कोऱ्या चहाच्या रंगाचा,
उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसणारा.
त्यांनी तो हुंगला, कानाशी नेऊन चुरगाळला,
मग सवयीने दोन्हीकडून ओढला.
ताणला.
ताणला.
फाटला.
"धागा कच्चा हाये, पोरी."

मी सांगितलं, हाच तुकडा पुन्हा वितळतो, पुन्हा पसरतो,
तीनदा. चौथ्यांदा ताकद निम्मी.
वेफर्स बांधले तर पाचव्या दिवशी मऊ पडतात, हेही सांगितलं.
नेहेतेंना सहा महिने कुरकुरीत हवेत.
"सहा महिने?" अण्णा म्हणाले,
"आपल्या गल्लीत पुडा सहा मिनिटं टिकत नाही."

गच्चीवर त्यांनीच विणलेली एक चटई आहे,
मी चौथीत असतानाची.
मोर उडून गेलेत.
हात लावला की भुगा निघतो, बारीक, निळा.
झाडला तर कुंड्यांत जातो, टाकीत,
वाळत घातलेल्या बिबड्यांवर.
जात नाही कुठेच.

एप्रिलात अण्णांनी फाटका तुकडा
गोकर्णाच्या कुंडीत पुरला,
खूण म्हणून खराट्याची काडी रोवली.
दर रविवारी उकरायचा, माझ्या शाळेतल्या पट्टीने मोजायचा,
आणि होस्टेलवर मला फोन :
"आज करंगळीएवढा."
"आज नखाएवढा. मुंग्या आल्यात. हाकलू?"
नका हाकलू, अण्णा.

नवव्या रविवारी फोन आला नाही.
मीच घरी गेले.
गच्चीवर कुंडी उपडी,
माती वर्तमानपत्रावर पसरलेली,
अण्णा उकिडवे बसून ती बोटांनी चाळत होते,
तांदळातले खडे बघावेत तशी.
शेजारी वाटीत वेचून ठेवलेले
निळे कण.

"तुझावाला काही सापडत नाही," ते म्हणाले.
"मी नीट ठेवला व्हता. माझ्याच हातून हरवला."

मी वही काढली.
दिवस त्रेसष्ट, लिहिलं,
आणि पुढचं लिहायच्या आधी
त्यांच्याजवळ खाली बसले.
आणखी थोडा वेळ
शोधू दिलं त्यांना.