पिशवी

शनिवारी अकराला मी कळमन्यात असते.
खांद्यावर पिशवी. पिशवीत तक्ता, साठ पत्रकं,
आणि एक कापडी गर्भाशय,
गोळीबार चौकातल्या हेडाऊ टेलरनी शिवून दिलेलं.
हे काय, असं त्यांनी विचारलं नाही.
नळ्यांना गुलाबी सॅटिन लावलं.
"ब्लाऊजातलं उरलेलं आहे, पैसे नको," म्हणाले
आणि मान वर न करता मशीन चालवत राहिले.

मिरचीच्या यार्डात, शेडखाली,
सत्तर-ऐंशी बाया, नाकातोंडावर पदर,
देठं खुडत बसलेल्या.
पहिल्या शनिवारी मी नुसती शिंकले.
एक वाक्य, तीन शिंका.
हसल्या सगळ्या. तेवढंच बरं झालं.

मग पाठ केलेलं बोलले:
पाळी म्हणजे विटाळ नाही,
कापड असो की पॅड, दर सहा तासांनी बदला,
हात धुवा.

दुर्पताबाईंनी दोन्ही हात वर धरले.
मनगटाच्याही वर, लालभडक.
"मॅडम, ह्या हातानं?"

पुस्तिकेत हातांचं पान नव्हतं.

साबणानं ती आग जात नाही.
नातवाच्या डोळ्यात काजळ घालता येत नाही,
तर तिथं कसा लावावा हात.
म्हणून सकाळचं कापड रात्रीपर्यंत.
म्हणून मे महिन्यात, नागपुरात,
दिवसाला दोन गिलास पाणी.
संडास आहे एक. हमालांच्या बाजूला.
त्याला कडी नाही.

पुढच्या शनिवारी तक्ता घरी राहिला.
पिशवीत जवसाचं तेल, किलोभर बेसन,
एक कडी, चार खिळे.
हातोडी विसरलो, तर शबिस्तानं दगडानं ठोकली,
एक खिळा वाकडाच गेला.
अडत्या लांबून ओरडला, "काय चाललं तिथं?"
"दरवाजा," ती म्हणाली.

तेल चोळता चोळता बाया बोलायला लागल्या.
"माह्या सुनेचं बावीस दिवस झाले, थांबतच नाही.
डाक्टर म्हन्ते, पिशवी काढून टाका.
लेकरं झाले ना दोन. आता काय काम तिचं?"

पिशवी.
आमच्याकडे तिला हेच म्हणतात.
बाजाराला न्यायची,
रिकामी झाली की खुंटीला.

मी म्हटलं, आधी रक्त तपासू, थायरॉईड बघू,
सोनोग्राफी करू, गोळ्यांनीही थांबतं कित्येकींचं.
सोमवारी मेडिकलला चिठ्ठी काढू, मी येते.
इथवर ठीक होतं.
मग तोंडातून निघून गेलं:
माझी काढलीय.

चौतीसची होते. अंडाशयंही त्यातच गेली,
कोणी विचारलं नाही, मीही नाही.
चौथ्या महिन्यात अंगातून वाफा निघायला लागल्या,
रात्री उशी ओली.
सासूबाई म्हणाल्या, कूलरमध्ये पाणी टाक.
शेहेचाळीस डिग्रीच्या गावात
कोणाला पटवायचं,
की ही गर्मी बाहेरची नाही?

देठं खुडणं थांबलं नाही.
कोपऱ्यातून कोणी म्हणालं, "हो व माय, मले बी,"
कोण ते कळलं नाही,
सगळ्यांचे पदर नाकावर.

सोमवारी सातपासून रांगेत.
आम्रपाली भिंतीला टेकून, ओठ पांढरे.
डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या.
"तारखा लिहिल्यात का? किती दिवस, नक्की?"
मी पत्रक चाचपडत होते,
त्यावर रकाने आहेत, मीच वाटते ते,
दुर्पताबाईंना लिहिता येत नाही
हे माझ्या आजवर लक्षात नव्हतं.

त्यांनी पदराची गाठ सोडली.
टेबलावर देठं ठेवली, रोजचं एक,
ज्या दिवशी जास्त गेलं त्या दिवशीचं
मिरचीसकट.

डॉक्टरीणबाई शिंकल्या.
मग खुर्ची पुढे ओढून
एक एक मोजायला लागल्या.