दुसरं जावळ

आधी वाटलं, पोरीनं स्वतःच कातर लावली.
कानामागं रुपयाएवढी जागा,
कडेला पांढरा कोंडा,
मधे तुटक्या केसांचे काळे ठिपके,
दोन दिवसांच्या दाढीसारखे.
बावीस वर्षं डोकीच बघतोय मी.
घरातलं डोकं तेवढं
बल्बखाली कधी धरलं नव्हतं.

गजकर्ण, शेजारची म्हातारी म्हणाली,
आणि लसूण चोळा म्हणाली.
कुणी राख सांगितली, कुणी ट्रॅक्टरचं जळकं आइल.
मी मेडिकलातून ट्यूब आणली.
बारा दिवस चोळली,
बारा दिवसांत डाग रुपयाचा वाटीएवढा झाला.
तेजल शाळेत स्कार्फ बांधून बसायला लागली.
होळकुंदे बाईंनी विचारलं नाही.
पोरांनी विचारलं.

औशाच्या सरकारी दवाखान्यात
डॉक्टरबाईंनी चिमट्यानं चार केस उपटले,
काचेवर ठेवून थेंब सोडला.
मलम वरनं फिरतं हो, म्हणाल्या,
बुरशी बसलीय मुळात.
तिथं पोटातूनच जावं लागतं.
रोज गोळी, सहा आठवडे, लागले तर आठ.
तेलातुपाच्या घासासंगं द्या, उपाशी नको.
खाज थांबली म्हणून तुम्ही थांबू नका.
मग लिहिता लिहिता, सहज,
धंदा काय तुमचा?

खिशातल्या कंगव्यावर माझा हात गेला.

परतीच्या एसटीत मी एकेक डोकं आठवत होतो.
तांबोळ्याचा अयान, दोन भोवरेवाला.
बिराजदाराची जुळी.
वीटभट्टीवरची दोघं भावंडं, एकाच दुपारी,
त्यातला धाकटा सारखा मान खाजवत होता.
नीट बस रे, म्हणालो होतो मी,
आणि मशीन फिरवत गेलो.
गिऱ्हाईक उठलं की पातं साफ करायचो
फुंकर मारून.
फुंकर!
आणि सांजंला त्याच कंगव्यानं
तेजलच्या दोन वेण्या.

सोमवारी दुकान बंद असतं.
त्या सोमवारी शटर उघडून आत एकटा बसलो.
कंगवे उकळले, दोन वाकडे झाले, फेकले.
पाती औषधाच्या पाण्यात बुडवली.
टॉवेल मोजले : एकूण तीन.
तीन टॉवेल, अख्खं गाव.
मग चप्पल घातली आणि घरं घेतली,
लेकराचं डोकं बघू द्या, म्हणत.
एका घरी चहा मिळाला.
बिराजदारानं दार लोटलं,
पण दुसऱ्या दिवशी जुळ्यांना घेऊन तोच औशाच्या गाडीत दिसला.
भट्टी उठून गेली होती.
त्या पोरांची नावं मला ठाऊक नव्हती,
नुसती डोकी ठाऊक होती.
आशाताईंना तेवढंच सांगितलं.

रोज रात्री भाकरीवर शेंगांची चटणी,
चटणीत आळं करून तेल,
आणि मग गोळी.
चौथ्या आठवड्यात खाज गेली.
बायको म्हणाली, बास की आता.
मी म्हणालो, नाही.
पाचव्यात उखळामागं सापडल्या
थुंकलेल्या तीन गोळ्या, मुंग्या लागलेल्या.
ओरडलो नाही.
कॅलेंडरावर पेन्सिलीनं तीन दिवस पुढं वाढवले
आणि जवळ बसून राहिलो,
तिनं आ करून दाखवेपर्यंत.

काल दिव्याखाली पाहिलं.
आलेत.
बारीक, पिंगट, बोटाला कळतील न कळतील असे,
अगदी जावळासारखे.
तिचं पहिलं जावळ मीच काढलं होतं,
मामाच्या मांडीवर रडत होती ती,
तेव्हा हात नव्हता थरथरला.

बाबा, हेबी काढायचं का?

कंगवा तिचा वेगळा आहे आता, लाल,
खिळ्याला टांगलेला, दुसऱ्या कुणाला बंदी.
मी भांग पाडायला घेतला
आणि त्या जागेपाशी आल्यावर
कंगवा बाजूला ठेवून
बोटांनीच पाडला.
अजून नऊ गोळ्या आहेत.
शेंगा संपल्यात, उद्या आणायला पाहिजेत.