नाव

मी फक्त गाडी चालवतो दवाखान्याची.
पांढरी लँडक्रूझर, मागचं दार दोरीनं बांधलेलं.
पोरांना घरून उचलायचं, खोलीपर्यंत सोडायचं.
आत काय बोलणं होतं ते माझं काम नाही.

पण डेल्रॉयच्या वेळी एसी बंद पडला होता
आणि दार उघडंच राहिलं.

पर्थहून एका मंगळवाराआड विमानानं येणारी बाई,
वाईट नाही ती, उन्हानं पाय सुजतात तिचे,
तिनं विचारलं, भावाचं नाव काय?
तो गप्प.
तिनं पुन्हा विचारलं, हळूच,
दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तसं.
तो गप्प.
रकान्यात तिनं लिहिलं : विषय टाळतो.

तिला कोण सांगणार
की आमच्याकडे गेलेल्याचं नाव त्याच्या मागोमाग जातं.
कुणी ओढून आणायचं नसतं.
त्याच नावाचा आणखी एक पोरगा आहे फुटबॉलच्या संघात.
फेब्रुवारीपासून सगळे त्याला जर्सीवरून ‘अकरा’ म्हणतात.
त्याची आईसुद्धा दारातून ओरडते,
अकरा, जेवायला ये.
आणि तो येतो. कधी कुरकुरला नाही.

परतीच्या वाटेवर डेल्रॉय पुढच्या सीटवर बसला.
म्हणाला, मामा, तिनं विचारलं दुःख किती,
एक ते दहामध्ये सांग.
मग? काय सांगितलंस?
खिडकीची काच वर-खाली, वर-खाली करत म्हणाला,
अकरा.

(भाचा तो माझाही होता.
मला कुणी रकाना दिला नाही, बरंच झालं.)

जुनेट मावशी भांडायला गेली नाही.
पुढच्या खेपेला तिनं बाईची खुर्ची उचलली
आणि गोरखचिंचेखाली नेऊन ठेवली, स्वतः खाली बसली.
थोड्या वेळानं बाईही खाली बसली, खुर्ची रिकामीच.
मावशी म्हणाली, आधी तू कुणाची ते सांग.
बाईनं आजी सांगितली, गव्हाची शेतं सांगितली,
आजीच्या गावची नदी सांगताना अडखळली.
ओठांवर होतं, म्हणाली, आत्ता होतं.
मावशीनं वाट पाहिली.
कुठे काही लिहून घेतलं नाही.

त्यानंतर कितीतरी मंगळवार नुसता चहा.
डेल्रॉय काडीनं मातीत रेघा ओढायचा,
त्याची आई कधी यायची, कधी गाडीतून उतरायचीच नाही.
बाईचं पेन मांडीखाली.
एकदा तो सलग दहा मिनिटं बोलला, फक्त माशांबद्दल.
कुणी मध्ये तोंड घातलं नाही.

नदीकाठी पालथी पडून होती ती,
पत्र्याची, एका बाजूनं पोचा आलेली, थोरल्याची.
भोवती गुडघाभर गवत.
सगळे तिला वळसा घालून जायचे, कुत्रीसुद्धा.

ऑक्टोबरात, उकाड्यानं सगळे चिडलेले असताना,
मावशी म्हणाली, उद्या.
कोंकरबेरीच्या ओल्या फांद्या, पांढरा दाट धूर.
आधी आई धुरातून गेली, मग डेल्रॉय,
मग चुलत-मावस मिळून नऊ जण, एक कडेवरचं,
मग गाडीची किल्ली मुठीत धरून मी.
बाई लांब उभी, बूट हातात.
मावशीनं तिलाही हातानं बोलावलं.

धूर विरत आला तशी मावशी पोराला म्हणाली,
आता नाव घ्यायला हरकत नाही.
त्यानं तिच्याकडे पाहिलं.
ती विस्तवाशी वाकली होती.
कुठली, कुठलं, काही बोलली नाही.

त्यानं पत्र्याखाली बोटं घातली.
दुसऱ्या टोकाला न बोलावता अकरा आला.
उलटवल्यावर आत एक कोळी आणि गंजका गळ.
गळ डेल्रॉयनं शर्टाच्या खिशात टाकला.

इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं.
आम्ही काठावर. बाईच्या वहीचं ते पान
अजून रिकामं आहे म्हणतात, ती आता भरतही नाही.

नदीच्या मध्यावर डेल्रॉय काहीतरी बोलला.
मला ऐकू आलं नाही, इंजिन फार आवाज करतं त्याचं.
पण पुढच्या टोकावर बसलेल्या अकरानं
वळून पाहिलं.