अंग सोड

कर्लीच्या खाडीत, भरती थांबलेली असते
आणि ओहोटीचं अजून ठरायचं असतं,
त्या अर्ध्या तासात
पपांनी मला तरंगायला शिकवलं.
सात वर्षांची होते. पाठीखाली त्यांचा हात,
जाळी ओढून ओढून करवंटी झालेला.
"आंग सोड गो. पाणी धरता."
मी ताठ. मान ताठ, टाचा ताठ,
नाकात खारं पाणी.
"हात आसा?"
"आसा."
"आसा मां?"
"आसा गो."
मग कानांत पाणी शिरलं, देवबाग गप्प झालं.
वर एक घार.
खाली, हे नंतर कळलं, कुणाचाच हात नव्हता.

काठावर येऊन मी त्यांच्या मांडीवर बुक्के मारले.
खोटा बोललंस!
माझ्या केसांतली वाळू झटकत ते म्हणाले,
"हात काढललो. मी खंय गेललंय?"

*

राखेच्या बुधवारी, कपाळावर राख तशीच असताना,
पपा पडवीत एका अंगावर कलले,
एका बाजूला माल भरलेल्या होडीसारखे.
तेव्हापासून उजवी मूठ मिटलेली.

कुडाळचा डॉक्टर म्हणाला, रोज दहा वेळा सोडवा,
करंगळीपासून.
मी सोडवते. आत आंबूस घाम,
तळव्यावर नखांचे चार चंद्र.
पुसते, पावडर लावते,
आणि माझा हात निघाला की मूठ परत मिटते,
जिवंत कालवासारखी.

त्याच पावसाळ्यात समुद्राने मागचे चार माड नेले.
पाचवा मुळं उघडी टाकून उभा आहे.
सांतान कुवेतहून पैसे पाठवतो,
आणि फोनवर सांगतो, देवावर भार टाक.
कुवेतमधून देव हलका दिसत असणार.

पहिल्या शुक्रवारी फादर येतात, पपांना कम्युनियन द्यायला.
आम्ही सगळे खाटेभोवती. बापाची प्रार्थना सुरू होते,
आणि 'तुझी इच्छा' जवळ आली
की मला खोकला येतो.
मार्चपासून दर महिन्याला, नेमका तिथेच.
रोजची भाकर मागते, क्षमाही मागते,
ती एक ओळ तेवढी गिळते.
फादर नवे आहेत, साधे आहेत.
म्हणाले, फिलू, आल्याचा रस घेऊन बघ.

*

मेलेल्यांचा दिवस झाला, कबरींवरच्या मेणबत्त्या
कावळ्यांनी पळवल्या, त्या आठवड्यात रेमी म्हणाला,
आजोबांना खाडीत नेऊया.
त्याचं वय पंधरा. ह्या वयात सगळं उचलता येतं.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नेलं,
पाणी थांबलं होतं तेव्हा.

पपा ताठ. मान ताठ, मूठ छातीशी.
त्यांच्या पाठीखाली माझा हात,
मणके मोजता येतील इतकी ती पाठ.
अर्ध्या तोंडाने त्यांनी काहीतरी ओढलं.
"हा... हा..."
रेमी घाबरला. मला कळलं.
"आसा," म्हटलं.
"हा...?"
"आसा हो, पपा."

मी हात काढला नाही. एवढी श्रद्धा माझी नाही.
पण खांदे भरून आले, पाणी वर चढलं,
आणि त्यांचं वजन कधी संपलं ते समजलं नाही.
कान बुडाले. डोळे मिटले.
त्यांची मूठ उघडली नाही.
दुसऱ्या हाताने मी त्यांचा बनियन पिळून धरला होता,
तो माझा हात तेवढा सैल झाला.
बोटांवर काठांचे वळ होते. जुने वाटले.

मला कोण धरून होतं, हे मी तिथे विचारलं नाही.
पायाखाली वाळू सरकत होती
आणि मी उभी होते.

*

डिसेंबरचा शुक्रवार. खाटेभोवती सगळे.
ती ओळ आली.
मी अर्धी म्हटली.
उरलेली अर्धी पपांनी त्यांच्या अर्ध्या तोंडाने,
सगळ्यांच्या मागून, सावकाश.

निघताना फादरांनी पडवीत चपला घालता घालता विचारलं,
खोकला कसा आहे?
म्हटलं, उतरतोय.